यॉर्कच्या जुन्या पबमध्ये पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच मंडळी दोन-तीन वर्षं राहतात, पण गावाच्या मध्यावरच्या जुन्या पबमध्ये पाऊल टाकत नाहीत. खिडकीला नक्षीची धुरकट काच, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. दाराशी ‘या, बसा’ म्हणायला कोणी नाही. आत गेलो तर सगळे माना वळवून बघतील, ही धास्ती वेगळीच. मग ऑफिसच्या पार्टीला एखाद्या झगमगीत बारमध्ये गार लागर (आपल्याकडे सर्रास मिळते तशी फिकट बिअर) पिऊन होते आणि ‘इथली जुनी बिअर म्हणजे कोमट पाणी’ हे ऐकीव मत तसंच पुढच्या बॅचला दिलं जातं.

खरी अडचण बिअरची नसतेच, काउंटरची असते. पबमधलं सगळं काउंटरपाशी घडतं: मागणं, पैसे देणं, तक्रार, ओळख, निरोप. तिथल्या रीती कुठे लिहिलेल्या नाहीत आणि इंग्रज माणूस त्या सांगतही नाही, कारण त्या शिकाव्या लागतात हेच त्याच्या गावी नसतं. म्हणून हा लेख. मी यॉर्कमध्ये राहतो, तेव्हा उदाहरणं यॉर्कची. शेफिल्ड, डर्बी, नॉरिच कुठेही असलात तरी ऐंशी टक्के गोष्टी याच लागू पडतील. दारू न पिणाऱ्यांसाठीही मधे मधे लिहिलं आहे, त्यांनी पान उलटू नये.

आधी थोडं बिअरबद्दल

‘रिअल एल’ किंवा ‘कास्क एल’ म्हणजे ज्या पिंपातून ती वाढली जाते, त्याच पिंपात जिचं शेवटचं आंबणं होतं अशी बिअर. ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, ती गाळून, पाश्चराइझ करून येत नाही. आत जिवंत यीस्ट असतं, ते थोडी साखर खातं आणि त्यातून मंद, नैसर्गिक फेस येतो. वरून वेगळा गॅस मारत नाहीत. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, त्याला ‘फर्किन’ म्हणतात, त्यात ७२ पाइंट बसतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर.

पिंप तळघरात आलं की त्याला आडवं निजवून एक-दोन दिवस हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. एका पबवाल्याने मला तळघर दाखवलं होतं. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला बोटभर लाकडी खुंटी ठोकलेली होती आणि तिच्याभोवती फेसाचे बुडबुडे येत होते. खुंटी मऊ लाकडाची असली की जादा वायू तिच्या रंध्रांतून बाहेर पडतो. बुडबुडे पुरेसे कमी झाले की ती काढून कठीण लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. ही वेळ चुकली तर बिअर एकतर मेलेली लागते नाहीतर नुसती फसफसते. एकदा पिंप उघडलं की हवा आत जाते, त्यामुळे साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. ब्रुअरी अर्धं काम करते, उरलेलं अर्धं पबवाला करतो. हे ध्यानात ठेवा, पुढचं बरंच काही यावरून उलगडतं.

साठ-सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही कटकट नको म्हणून गॅसवर चालणारी केग बिअर सगळीकडे लादायला सुरुवात केली. वॉटनीज रेड बॅरल हे त्यातलं कुप्रसिद्ध नाव. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक संघटना काढली. तिचं ‘गुड बिअर गाइड’ १९७४ पासून निघतं. आज जुन्या पबमध्ये ही बिअर तळघरातून वर ओढायचे हँडपंप दिसतात त्याचं बरंच श्रेय या मंडळींकडे जातं.

बरोबर काय घ्यायचं

- वयाचा पुरावा. कायद्याने १८ पूर्ण हवेत, पण ‘चॅलेंज २५’ या पद्धतीमुळे तुम्ही पंचविशीच्या आतले दिसलात तरी विचारतात. आधार कार्ड आणि कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, भारतीय लायसन्सवर भरवसा ठेवू नका. पासपोर्ट चालतो, पण तो घेऊन संध्याकाळी हिंडणं मला पटत नाही. सरळ इथलं प्रोव्हिजनल (शिकाऊ) ड्रायव्हिंग लायसन्स काढा, गाडी चालवायची नसली तरी.
- कार्ड आणि थोडी रोकड. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, तरी जुन्या छोट्या पबमध्ये खिशात वीसची नोट असलेली बरी. यॉर्कमध्ये एक पाइंट साधारण साडेचार ते सहा पाउंडांना पडतो.
- शेवटच्या बसची किंवा गाडीची वेळ.
- पोटात काहीतरी. सगळ्या पबमध्ये स्वयंपाकघर नसतं, आणि असलं तरी ते रात्री लवकर बंद होतं.

गाडी घेऊन जाऊ नका. इंग्लंडमधली रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. हा हिशोब डोक्यात करत पिण्यात काही अर्थ नाही. पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे, आणि यॉर्कात सायकलवाले भरपूर.

१. पब निवडा

दाराशी किंवा खिडकीत दोन खुणा शोधा. ‘गुड बिअर गाइड’चं चालू वर्षाचं स्टिकर आणि ‘कास्क मार्क’ची पाटी. कास्क मार्कचे तपासनीस न सांगता येऊन बिअरचं तापमान, रंग, वास, चव बघून जातात. पाटी असेल तर निदान तळघराकडे लक्ष आहे एवढी खात्री.

पण माझा पहिला निकष गर्दीचा. बारा हँडपंप आणि आत चार माणसं, असा पब दिसला तर पुढे चला. बारा पिंपं तीन दिवसांत कोण संपवणार? त्यापेक्षा तीनच पंप आणि भरलेला पब कधीही चांगला.

यॉर्कमध्ये सुरुवात कुठून करावी? फॉसगेटवरचा ‘ब्लू बेल’ मला सगळ्यात आवडतो. आतली सगळी मांडणी १९०३ सालची, जवळजवळ जशीच्या तशी. पुढे एक चिमुकली खोली, मागे दुसरी, बाजूने बोळ आणि बोळात काउंटरची खिडकी. दहाजणांचं टोळकं घेऊन गेलात तर तिथे मावणार नाही आणि आत घेतीलच असंही नाही, तेव्हा दोघं-तिघं जा. मोकळी जागा हवी असेल तर लेंडल पुलाजवळचा ‘मॉल्टिंग्ज’. स्टोनगेटवरच्या ‘ये ओल्ड स्टार इन’ची पाटी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी टांगलेली आहे, ती चुकणं शक्य नाही. तिथे पर्यटक फार, पण दुपारी बरं असतं.

उझ नदीच्या काठावर ‘किंग्ज आर्म्स’ आहे. नदी चढली की त्याच्या आत पाणी शिरतं आणि पुराच्या पातळ्या तिथे खुणा करून ठेवल्या आहेत. २००० सालच्या पुराची खूण बघितली की हा पब अजून कसा उभा आहे असा प्रश्न पडतो. हा सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीचा. ही ब्रुअरी १७५८ पासून जवळच्याच टॅडकास्टरला आहे आणि अजून लाकडी पिंपांतून बिअर पाठवते. त्यांच्या पबमध्ये फक्त त्यांचंच पेय मिळतं, संगीत नाही, टीव्ही नाही, शिवीगाळ केलेली चालत नाही आणि २०१९ पासून मोबाइलवरही बंदी आहे. यांचे पब मधूनच बंद असतात, निघण्याआधी चौकशी करा.

एक सापळा: ‘फ्री हाउस’ अशी पाटी दिसली म्हणून काही फुकट नसतं. हा पब कुठल्या ब्रुअरीला बांधलेला नाही, हवी त्याची बिअर ठेवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्यासाठी ती चांगली बातमी, निवड जास्त मिळते.

२. वेळ साधा

पहिल्या खेपेला मंगळवार ते गुरुवार, दुपारी चार ते साडेसहा. तेव्हा बारमागच्या माणसाला बोलायला सवड असते. शनिवारी यॉर्कात लग्नाआधीच्या पार्टीची टोळकी येतात, रंगीत पिसं आणि फुगे घेऊन. त्या दिवशी ब्लू बेलमध्ये शांतपणे काही शिकायला मिळेल ही आशा सोडा.

पब उघडल्या उघडल्या जाणंही टाळा. रात्रभर नळीत साचून राहिलेली बिअर सकाळी काढून टाकायची असते. सगळेच ती काढतात असं नाही, आणि मग पहिला पाइंट तुमच्या वाट्याला येतो.

३. आत शिरा

दार ढकला आणि थेट काउंटरकडे जा. टेबलावर जाऊन बसलात तर बसूनच राहाल. पबमध्ये वेटर येत नाही, मेन्यूकार्ड येत नाही. आपल्याकडच्या परमिट रूमची सवय असलेला माणूस पहिली वीस मिनिटं ‘हे लोक किती हळू आहेत’ असं म्हणत बसतो, आणि पलीकडचे ‘हा नुसताच बसलाय’ असं समजतात.

वळून बघतील ही धास्ती म्हणाल तर बघतातही, दोन सेकंद. दार उघडलं की कोण आलं हे सगळेच बघतात, नेहमीचं गिऱ्हाईक आलं तरी. मान किंचित हलवा, बस्स.

काउंटरच्या कोपऱ्यातलं उंच स्टूल रिकामं दिसलं तरी लगेच बसू नका. बहुतेक वेळा ते कुणाचं तरी असतं, तो माणूस बाहेर सिगरेट ओढायला गेलेला असतो. आत धूम्रपान २००७ पासून बंद आहे. जमिनीवर कुत्रं पसरलेलं असेल, त्याच्या वरून अलगद पाय टाकून पुढे जा. इथले कुत्रे पबमध्ये वाढलेले असतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत.

४. काउंटरपाशी थांबा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्या माणसांची तारांबळ इथेच उडते.

पबमध्ये रांग नसते. म्हणजे दिसणारी नसते. लोक काउंटरच्या लांबीला पसरून उभे राहतात आणि प्रत्येकाला आपल्या आधी कोण आलं ते ठाऊक असतं. बारमागच्या माणसालाही ते ठाऊक असतं. तुम्ही पोहोचलात की आधी उभे असलेले चेहरे टिपून ठेवा. ‘हू इज नेक्स्ट?’ असा आवाज आला आणि शेजारचा तुमच्या आधीचा असेल तर त्याच्याकडे हात करून ‘ही वॉज बिफोर मी’ म्हणा. या एका वाक्याने परका माणूस तिथला होतो. तो तुमच्याकडे बघून मान डोलावेल आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी हेच करेल.

काय करू नये? नोट हलवू नका, चुटकी वाजवू नका, ‘एक्सक्यूज मी’ ओरडू नका. चेहरा बारकडे, पाकीट किंवा फोन हातात, नजरानजर झाली की भुवया किंचित वर. एवढं पुरतं. करोनानंतर काही पबमध्ये लोक एकामागे एक उभे राहू लागलेत. जुन्या पबवाल्यांना ते मुळीच आवडत नाही, त्यांनी तसं जाहीर बोलूनही दाखवलंय. तशी रांग दिसलीच तर मात्र डावलून पुढे जाऊ नका, वाद घालायची ती जागा नव्हे.

५. पंपाकडे बघा

काउंटरवर लांब दांड्याचे पंप दिसतील, गावच्या हापशासारखेच, हाताने ओढायचे. तळघरातून बिअर वर येते ती या ओढीने. ही कल्पना जुनी आहे, जोसेफ ब्रामाने १७९७ साली तिचं पेटंट घेतलं. बाजूला छोटी तोटी असलेले चकचकीत नळ असतात, ते केगचे: लागर, सायडर (सफरचंदाची दारू), गिनेस (आयर्लंडची काळी बिअर). आपल्याला दांडे हवेत.

प्रत्येक दांड्यावर एक पाटी असते, पंपक्लिप. तीवर बिअरचं नाव, ब्रुअरी आणि अल्कोहोलचं प्रमाण. पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून बसतेय, ती मागू नका.

नावांनी गोंधळून जाऊ नका, चार प्रकार ओळखता आले की झालं.

‘बिटर’ हा इथला रोजचा भात. तांबूस-तपकिरी, साडेतीन ते साडेचार टक्के, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) बिस्किटासारखी चव आणि शेवटी कडसरपणा. किथ्लीची ‘टिमथी टेलर लँडलॉर्ड’ ४.३ टक्के, मॅशमची ‘ब्लॅक शीप बेस्ट बिटर’ ३.८ टक्के. दोन्ही यॉर्कशरच्या, दोन्ही इथे सहज मिळतात. पहिल्यांदा हेच घ्या असं मी सांगेन. ‘माइल्ड’ गडद, हलकी, थोडी गोडसर, आता दुर्मीळ होत चाललेली, दिसली तर सोडू नका. ‘गोल्डन एल’ फिकट, संत्र्या-लिंबाच्या वासाची, लागरवरून येणाऱ्याला सोपी. ‘स्टाउट’ आणि ‘पोर्टर’ काळ्या, भाजलेल्या धान्याच्या, कॉफी आवडणाऱ्यांना लगेच जमतात.

आणि आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’. नावात ‘इंडिया’ आहे म्हणून आपण हटकून तिकडे ओढले जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची, पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअऱ्यांनी तो धंदा बळकावला. प्रवासात टिकावी म्हणूनच ती शोधली ही गोष्ट मात्र रंगवून सांगितलेली आहे. पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती आणि टिकत होती. आज आयपीए हे नाव साडेतीन टक्क्यांच्या सौम्य बिअरलाही असतं आणि सात टक्क्यांच्या जहाललाही. म्हणून नावाकडे बघून मागवू नका, आकडा वाचा. हेच ‘ओल्ड’, ‘स्ट्राँग’, ‘विंटर’ या शब्दांबद्दल. थीकस्टनची ‘ओल्ड पेक्युलियर’ गोडसर लागते, सरसर जाते आणि ५.६ टक्के असते.

एक नवा सापळा. २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीने केगमधली ‘फ्रेश एल’ हँडपंपातून द्यायला सुरुवात केली, आणि कॅम्राने ही ग्राहकांची दिशाभूल आहे म्हणून तक्रार केली. म्हणजे दांडा आहे म्हणून कास्कच असेल असं आता धरून चालता येत नाही. शंका आली तर ‘इज दिस कास्क?’ असं सरळ विचारा.

शाकाहारी वाचकांनी इथे थांबावं. कास्क बिअरमधला गाळ लवकर खाली बसावा म्हणून परंपरेने त्यात ‘आयझिनग्लास’ घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. बहुतेक सगळं गाळाबरोबर पिंपाच्या तळाशी जातं, तरी ज्याला चालत नाही त्याला ते चालत नाही. यात आणखी मेख अशी की बिअर निवळण्यासाठी वापरलेल्या आयझिनग्लासला ॲलर्जीच्या सक्तीच्या सूचनेतून सूट आहे, त्यामुळे पाटीवर काही लिहिलेलं नसतं. पंपक्लिपवर ‘अनफाइन्ड’ (गाळ बसवायला काही न घातलेली) किंवा ‘व्हीगन’ शोधा, नाहीतर विचारा. अशी बिअर थोडी गढूळ दिसते, ते बिघडल्याचं लक्षण नाही. ब्रिस्टलची ‘मूर’ ब्रुअरी तर मुद्दाम सगळं गढूळच ठेवते. बारमागच्या माणसाला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन बघून येतो, यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

६. मागा

ठरत नसेल तर ‘कुड आय ट्राय अ टेस्ट ऑफ दॅट?’ म्हणा. छोट्या ग्लासात दोन घोट फुकट मिळतात. एक किंवा दोन चवी ठीक, पाच-सहा नाही. मागे गर्दी असेल तर एकही नाही.

अर्धा पाइंट मागायला लाजू नका. ‘हाफ ऑफ द ब्लॅक शीप, प्लीज’. प्रमाणं कायद्याने ठरलेली आहेत: पाइंट, दोन तृतीयांश, अर्धा आणि एक तृतीयांश. काही पबमध्ये तीन वेगवेगळ्या एलचे तृतीयांश लाकडी फळीवर एकत्र देतात, नवख्याला याहून चांगली सोय नाही. नुसतं ‘अ बिअर, प्लीज’ म्हणालात तर समोरचा माणूस दहा दांड्यांकडे बघून तुमच्याकडे बघेल.

सगळ्यांचं एकदम सांगा, एकेक करून नाही. त्यात गिनेस असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, ते बसायला वेळ घेतं. पैसे तिथल्या तिथे द्यायचे. टीप ठेवायची पद्धत नाही. कुणी फारच आपुलकीने वागलं तर ‘अँड वन फॉर युवरसेल्फ’ म्हणतात, तो माणूस एका पेयाचे किंवा त्याहून कमी पैसे त्यात धरून घेतो.

न पिणाऱ्यांनी ‘लाइम अँड सोडा’ मागावं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. हातात पाइंटचा ग्लास असला की आत काय आहे हे कोणी विचारत नाही. बिनअल्कोहोलची बिअरही आता जवळजवळ प्रत्येक पबमध्ये असते.

७. ग्लासकडे बघा

बारमागची बाई ग्लास तिरका धरते, दांडा पहिल्यांदा लांब आणि सावकाश ओढते, मग दुसरा, मग शेवटचा अर्धवट. यॉर्कशरात पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, तिला ‘स्पार्कलर’ म्हणतात. तिच्यामुळे वर सायीसारखा घट्ट फेस येतो. लंडनकडे ती लावत नाहीत, तिथला पाइंट काठोकाठ आणि जवळजवळ बिनफेसाचा असतो. यावरून उत्तर-दक्षिण वाद रात्रभर चालतो. मी आता पक्का उत्तरेकडचा झालोय.

ग्लास हातात आला की घाई नको. फेसाखालून बारीक बुडबुडे वर चढताना दिसतात आणि बिअर वरून खाली हळूहळू स्वच्छ होत येते. तेवढं होऊ द्या. फेस फारच जास्त असेल तर ‘कुड यू टॉप दॅट अप?’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, भरून देतात.

तापमान: तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात. आपल्याकडे ३ अंशांवरची बिअर पिऊन आलेल्याला हे कोमट वाटतं. ते कोमट नाही, गार आहे, फक्त बर्फगार नाही. बर्फगार केली तर माल्टची चवच जिभेला लागत नाही. पहिले चार घोट थांबा आणि मग मत बनवा. खरंच खोलीइतकी ऊबदार आली असेल तर मात्र ती चूकच.

खराब पाइंट कसा ओळखायचा? व्हिनेगरचा आंबूस वास, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, किंवा अनफाइन्ड नसतानाही डाळीच्या पाण्यासारखी गढूळ. दोन घोटांत कळतं. लगेच परत न्या, अर्धा संपवून नाही. आवाज न चढवता ‘आय थिंक दिस वन्स ऑन द टर्न’ म्हणा. चांगला पबवाला स्वतः चाखून बघतो, दुसरी देतो आणि पाटी उलटी करतो. आवडली नाही म्हणून मात्र परत करता येत नाही, त्यासाठीच चव मागायची असते.

८. राउंड पाळा

तिघं-चौघं गेलात तर प्रत्येकजण आपापलं घेत नाही. एकजण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. शेवटी बिल वाटून घ्यायचा प्रश्नच येत नाही, कारण बिलच नसतं. सहकाऱ्याने पहिला राउंड आणला आणि तुम्ही तुमची पाळी न घेता निघालात, तर तो काही बोलणार नाही, पण पुढच्या सोमवारपर्यंत ऑफिसभर ते झालेलं असेल.

सापळा: सहाजण असलात आणि प्रत्येकाने एकेक राउंड आणला, तर प्रत्येकाच्या पोटात सहा पाइंट. चार टक्क्यांचा एक पाइंट म्हणजे सुमारे २.३ युनिट (मद्य मोजायचं इथलं माप), आणि सरकारी आरोग्यसल्ला आठवड्याला १४ पेक्षा जास्त नको असा. तेव्हा आधीच म्हणा, ‘आय विल जस्ट डू वन राउंड विथ यू’, किंवा पहिला राउंड स्वतः आणून मोकळे व्हा. मधल्या राउंडला अर्धा किंवा सोडा मागितला तर कुणाला वाईट वाटत नाही. आणि फार झालेल्या माणसाला दारू देणं हा इथे गुन्हा आहे, त्यामुळे ‘तुला आता पुरे’ असं काउंटरवरून ऐकू आलं तर तो विषय तिथेच संपतो, हुज्जत नाही.

९. खायचं काय

चकणा टेबलावर आपोआप येत नाही. काउंटरमागे पाकिटं टांगलेली असतात. ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ म्हणजे डुकराची तळलेली कातडी, नाव नीट वाचा. शेंगदाणे सुरक्षित.

गरम जेवणात खबरदारी घ्या. यॉर्कशरमध्ये चिप्स पुष्कळ ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात, आणि यॉर्कशर पुडिंगही त्याच चरबीत होतं. ग्रेव्ही बहुधा मांसाची. म्हणजे ‘चिप्सच तर घेतो’ म्हणणारा माणूस फसतो. ‘आर द चिप्स डन इन ड्रिपिंग?’ हे वाक्य पाठ करा. चीज, लोणचं, पाव असं ‘प्लाउमन्स’ मिळालं तर शाकाहाऱ्याचं भागतं, हॅमशिवाय द्या म्हणा.

वेस्ट मिडलंड्सला गेलात तर स्मेथिक आणि वेस्ट ब्रॉमिचचे ‘देसी पब’ बघाच. पंजाबी मालक, काउंटरवर हँडपंप आणि आतून येणारा तंदूरचा वास. तिथे ही सगळी खबरदारी विसरून मिक्स ग्रिल मागवता येतं, शाकाहारी असाल तर पनीर.

लहान मुलं बरोबर असतील तर आधी फोन करा. काही पब आठपर्यंत घेतात, काही फक्त जेवणाऱ्यांना, काही मुळीच नाही.

१०. निघा

रिकामा ग्लास टेबलावर ठेवून जाऊ नका, काउंटरवर नेऊन ठेवा आणि ‘चिअर्स’ म्हणा. सक्ती नाही, पण पुढच्या वेळी चेहरा लक्षात राहतो तो यामुळे.

पुष्कळ पब अजून अकराला बंद होतात, रविवारी साडेदहाला. त्याआधी एक घंटा वाजते, ती ‘लास्ट ऑर्डर्स’ची, म्हणजे शेवटचं मागून घ्या. दुसऱ्या घंटेनंतर काही मिळत नाही, हातातलं संपवायला वीसेक मिनिटं देतात. दुसरी घंटा झाल्यावर काउंटरवर जाऊन विनवण्या करू नका, त्या बिचाऱ्यांना अजून खुर्च्या उचलून फरशी पुसायची असते.

लीड्स किंवा मँचेस्टरला परतायचं असेल तर शेवटचा अर्धा पाइंट स्टेशनवरच्या ‘यॉर्क टॅप’साठी राखून ठेवा. १९०७ साली बांधलेल्या चहाच्या खोल्यांत २०११ पासून हा पब आहे. मधोमध गोल काउंटर, वर रंगीत काचेचे घुमट, आणि पंपांची रांग एवढी की पाचवा टप्पा पुन्हा वाचावा लागेल. गाडी सुटायच्या निदान दहा मिनिटं आधी उठा, तुमचा फलाट पुलापलीकडे असू शकतो.